कागदावरचे पाणी आणि शेवटचा नळ

तालुक्याच्या गावी नळाला पाणी आले की वस्तीत एकच गडबड उडते. कुणाचा हंडा, कुणाची कळशी, कुणाचा प्लॅस्टिकचा ड्रम. पाणी तासभर टिकले तरी नशीब. तेवढ्या वेळात पिण्याचे, स्वयंपाकाचे, न्हाण्याधुण्याचे सारे भरून घ्यायचे असते. अशा वेळी पाणी आले हेच पुष्कळ वाटते. ते कसे आहे हे विचारायला सवड कुणाला? फार तर घरातली बाई ओंजळीत पाणी घेऊन बघते. गढूळ नाही, वास नाही, म्हणजे चांगले. मग ते माठात जाते आणि माठातून लेकरांच्या पोटात.

वाचकहो, पाणी नुसते डोळ्यांनी पाहून चांगले की वाईट हे ठरवता येते काय? येत नाही. कावीळ, विषमज्वर, पटकी, हगवण यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना चव नाही, वास नाही. मग नगरपालिकेच्या वहीत 'पाणी शुद्ध' अशी नोंद आहे म्हणून ते शुद्ध मानायचे काय? तेही नाही. पाणी शुद्ध आहे की नाही हे एकाच ठिकाणी ठरते. ते ठिकाण म्हणजे आपल्या नळाची तोटी, आणि तेही मोजून. हे मोजणे अवघड नाही आणि महागही नाही. पण ते आपण मागितल्याशिवाय होत नाही, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

धरणापासून तोटीपर्यंत

लहान शहराचे पाणी बहुधा जवळच्या धरणातून, नदीतून किंवा मोठ्या तलावातून येते. जॅकवेलमधून ते पंपाने उचलतात आणि जलशुद्धीकरण केंद्रात आणतात. तिथे प्रथम तुरटी घालतात. तुरटीमुळे गाळाचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. वरचे निवळलेले पाणी वाळूच्या थरांतून गाळतात. इथवर पाणी स्वच्छ दिसू लागते. पण सगळे जंतू मरत नाहीत. ते काम शेवटी क्लोरीन करतो. मोठ्या केंद्रात क्लोरीन वायूची नळकांडी असतात. लहान ठिकाणी टी.सी.एल., म्हणजे ब्लिचिंग पावडर वापरतात. क्लोरीन मिसळल्यावर त्याला काम करायला निदान अर्धा तास द्यावा लागतो. मग पाणी उंच टाकीत चढते आणि तिथून गावभर सुटते.

ब्लिचिंग पावडर ताजी असताना तिच्यात साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, ओल लागली, महिनोन्महिने पडून राहिले की क्लोरीन उडून जातो. मग नेहमीइतकी पावडर टाकूनही जंतू मरत नाहीत. वहीत मात्र अमुक किलो पावडर टाकल्याची नोंद होते. ती नोंद खोटी नसते, तरी पाणी अशुद्ध असते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घेऊ. टाकीत घातलेला सगळा क्लोरीन तिथेच संपत नाही. जंतूंशी आणि घाणीशी झगडून जो उरतो तो पाण्याबरोबर पाइपातून पुढे जातो आणि वाटेत शिरणाऱ्या जंतूंचा समाचार घेतो. या उरलेल्या क्लोरीनला अवशिष्ट क्लोरीन म्हणतात. वाटेतला हा आपला पहारेकरीच. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आय.एस. १०५००, सांगते की लिटरभर पाण्यात तो निदान ०.२ मिलिग्रॅम असावा. विषाणूंपासून रक्षण हवे असेल तेव्हा ०.५ मिलिग्रॅम असावा. शिवाय १०० मिलिलिटर पाण्याच्या नमुन्यात ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू मुळीच आढळता कामा नये.

वस्ती टोकाला, धोकाही टोकाला

आता आपली वस्ती कुठे असते ते पाहा. नाल्याच्या काठी, रेल्वे रुळाच्या पलीकडे, गावाच्या उताराला, नाहीतर गावकुसाबाहेरच्या जुन्या जागेवर. मुख्य पाइप बाजारपेठेतून, जुन्या पेठांतून फिरून सगळ्यांत शेवटी आपल्याकडे येतो. टोकाला पाण्याचा दाब कमी असतो. इथवर येता येता क्लोरीनही सरत आलेला असतो.

खरा घोळ पाइपात होतो. दिवसातून एकदा किंवा एक-दोन दिवसाआड पाणी सोडतात. ते बंद झाले की पाइप रिकामा होतो आणि आत पोकळी तयार होते. पाइपाचा सांधा निखळला असेल, गंजून भोक पडले असेल आणि तो गटारातून किंवा गटाराच्या कडेने गेला असेल, तर बाहेरची घाण त्या भोकातून आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी पाणी आले की ती घाण सरळ आपल्या हंड्यात पडते. म्हणून नळाचे पहिले पाणी धोक्याचे. ते पिण्यासाठी भरू नये, धुण्याभांड्याला वापरावे.

यात आपणही भर घालतो, हे मान्य केले पाहिजे. पाणी कमी येते म्हणून कुणीतरी नळाला टिल्लू पंप जोडतो. पंप पाणी ओढतो, तशी फुटक्या सांध्यातून गटाराची घाणही ओढतो. त्याच्या घरी पाणी जास्त येते आणि साऱ्या गल्लीच्या पाण्यात घाण येते. तीच गत तोटी नसलेल्या, गटाराच्या पातळीला बसवलेल्या सार्वजनिक नळाची. खड्डा खणून त्यात नळ घेतला की त्या खड्ड्यात साचलेले सांडपाणी, दाब गेला की, उलट आत जाते.

२०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. ती हेपॅटायटिस-ई या विषाणूची होती. ही कावीळ मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून पसरते. यंत्रमाग कामगारांच्या त्या शहरात हजारो माणसे आजारी पडली आणि काही दगावली. या काविळीचा सर्वांत मोठा घाव गरोदर स्त्रियांवर बसतो. शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर शंभरातील वीस ते पंचवीस मातांचा जीव जाऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हातावर पोट असलेल्या घरात एक माणूस महिनाभर अंथरुणाला खिळला तर काय होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

जिथे वही खोटी निघाली

कुणी म्हणेल, हे सारे आपल्या गरीब देशातले प्रश्न. श्रीमंत देशांत असे होत नसेल. तर मग कॅनडातील वॉकरटन या गावाची हकिकत ऐका. ऑन्टारिओ प्रांतातले हे जेमतेम पाच हजार वस्तीचे शेतकऱ्यांचे गाव. घरोघर नळ, चोवीस तास पाणी, सरकारी देखरेख, प्रयोगशाळा, सारे काही होते.

मे २००० मध्ये तिथे चार-पाच दिवस जोराचा पाऊस झाला. गावाला पाणी देणाऱ्या विहिरींपैकी पाच क्रमांकाची विहीर उथळ होती. जवळच्या शेतात जनावरांचे शेणखत पसरलेले होते. पावसाबरोबर त्यातले जंतू झिरपून विहिरीत उतरले. पाण्यात क्लोरीन पुरेसा असता तर बहुतेक जंतू तिथेच मेले असते. पण तो पुरेसा नव्हता. बघता बघता गावात रक्ताची हगवण सुरू झाली. २,३०० हून अधिक माणसे आजारी पडली आणि ७ जण मरण पावले. कित्येकांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, मूत्रपिंडांवर आघात झाला.

पुढे न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांनी चौकशी केली आणि जानेवारी २००२ मध्ये अहवालाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्यातून बाहेर आलेली गोष्ट प्रत्येक नगरपालिकेच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे. गावचा पाणीपुरवठा दोघे सख्खे भाऊ पाहत होते. एक व्यवस्थापक, दुसरा फोरमन. रोज क्लोरीन मोजून वहीत आकडा लिहिणे हे त्यांचे काम. ते बहुतेक दिवस मोजतच नव्हते. वहीत मात्र ०.५ किंवा ०.७५ असा आकडा लिहून मोकळे होत होते. वर्षानुवर्षे वही व्यवस्थित होती आणि पाणी मात्र नव्हते.

त्यांनी असे का केले? त्यांना गाव मारायचे नव्हते. गावातले लोक तक्रार करीत की पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणून ते क्लोरीन कमी घालीत. शिवाय त्या विहिरींचे पाणी ते स्वतः क्लोरीन न घालता पीत होते. चव चांगली, पाणी थंडगार, मग धोका कसला, असा त्यांचा समज. प्रयोगशाळेने १७ मे रोजी नमुने दूषित असल्याचे कळवले. तरी आरोग्य खात्याने विचारले तेव्हा पाणी चांगले आहे असेच उत्तर मिळाले. अखेर आरोग्य अधिकाऱ्यांनी आपल्या जबाबदारीवर २१ मे रोजी पाणी उकळून पिण्याचा इशारा दिला. तोवर फार उशीर झाला होता. दोन्ही भावांना पुढे २००४ साली शिक्षा झाली.

चौकशी केवळ त्या दोघांवर थांबली नाही. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळांनी १९९६ साली हे काम बंद केले आणि ते खाजगी प्रयोगशाळांकडे गेले. दूषित नमुना सापडला तर आरोग्य खात्याला कळवलेच पाहिजे असे बंधन त्यांच्यावर घातले नव्हते. अहवालात असेही म्हटले आहे की त्या विहिरीवर क्लोरीन सतत मोजणारे यंत्र असते तर ही साथ टळली असती. रोज हाताने नीट मोजले असते तरी नुकसान पुष्कळ कमी झाले असते. म्हणजे कमी पडले ते मोजमाप.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, पाण्याला औषधाचा हलका वास येतो म्हणून ओरड करायची नाही. तो वास पहारेकरी जागा असल्याची खूण आहे. वास नकोच असेल तर पाणी स्वच्छ भांड्यात थोडा वेळ झाकून ठेवावे, तो कमी होतो. दुसरी, वहीतला आकडा पाहून समाधान मानायचे नाही. आकडा आपल्यासमोर, आपल्या नळावर काढायला लावायचा.

ठराव होता, पाणी नव्हते

कागद आणि पाणी यांतील हे अंतर आपल्या समाजाला नवे नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. कागद सरकारी, शिक्का सरकारी. तरी पुढची तीन वर्षे आपल्या माणसाला त्या तळ्याच्या काठाला उभे राहता येत नव्हते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो बांधवांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या दिवशी त्यांनी माणुसकीचा हक्क बजावला. नगरपालिकेच्या ठरावाची परीक्षाही त्याच दिवशी तळ्याच्या पायरीवर झाली. पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. जमावाने आपल्या लोकांवर हल्ला केला. तळे 'शुद्ध' करून घेतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली, पण कागदावरचे पाणी खरे करून घेतले.

सरकारी पैशाने चालणाऱ्या विहिरी, तलाव, घाट यांच्या वापराला जातीवरून मज्जाव करता येणार नाही, असे संविधानाच्या १५ व्या कलमात म्हटले आहे. आज बहुतेक शहरांत आपल्या दारात नळ आहे. पण त्या नळात जे येते ते बाजारपेठेतल्या नळाइतकेच शुद्ध आहे काय? गाव एक, टाकी एक, पट्टी सारखीच. मग क्लोरीन पहिल्या नळाला आणि घाण शेवटच्या नळाला, ही वाटणी चालवून घ्यायची काय?

मोजायचे कसे?

अवशिष्ट क्लोरीन मोजायला क्लोरोस्कोप नावाची छोटी पेटी असते. त्यातल्या नळीत खुणेपर्यंत नळाचे पाणी घेतात आणि ओ.टी. द्रावणाचे थेंब टाकतात. पाण्यात क्लोरीन असेल तर ते लगेच पिवळे होते. जितका क्लोरीन जास्त तितका पिवळा रंग गडद. शेजारच्या रंगपट्टीशी ताडून आकडा वाचायचा. पाणी पांढरेच राहिले तर क्लोरीन नाही. आता काही ठिकाणी डी.पी.डी. गोळी वापरतात, तिने पाणी गुलाबी होते. दोन मिनिटांचे काम आहे. ओ.टी. द्रावण विषारी असते, म्हणून ते मुलांच्या हाती देऊ नये, तपासलेले पाणी ओतून द्यावे आणि हात धुवावेत.

ही तपासणी तीन ठिकाणी एकाच दिवशी करायला सांगावी: टाकीपाशी, गावाच्या मध्यावर आणि वस्तीच्या शेवटच्या नळाला. कारण आकड्यांचा फरकच पुष्कळ काही सांगून जातो. तिन्ही ठिकाणी शून्य असेल तर क्लोरीन पडतच नाही किंवा पावडर मेलेली आहे. टाकीपाशी ०.५ आणि शेवटच्या नळाला ०.२ असेल तर ठीक. पण टाकीपाशी चांगला आकडा आणि आपल्याकडे शून्य असेल, तर वाटेत क्लोरीन कशाने तरी खाल्ला आहे. पाइप फार जुना आणि घाणेरडा आहे, नाहीतर त्यात गटार शिरते आहे. कालपर्यंत ०.२ येत होते आणि आज अचानक शून्य, असे झाले तर त्याच दिवशी पाणीपुरवठा खात्याला कळवावे आणि दुरुस्ती होईपर्यंत पाणी उकळून प्यावे.

क्लोरीनची तपासणी जंतूंविषयी अंदाज देते. खात्री करायची तर नमुना जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत गेला पाहिजे. पाणी जर बोअरचे असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. फ्लोराइड, नायट्रेट आणि क्षार हे जंतू नाहीत. ते क्लोरीनने जात नाहीत आणि उकळूनही जात नाहीत. उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते. लिटरमागे फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमच्या वर गेले आणि तेच पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर दातांवर डाग पडतात आणि ते फारच वाढले तर हाडेही जखडतात. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात मिसळू नये. म्हणून बोअरच्या पाण्याची रासायनिक तपासणी वेगळी मागावी.

घरातल्या माउलीसाठी

नगरपालिका सुधारेपर्यंत तहान थांबत नाही. म्हणून घरात पुढील काळजी घ्यावी.

पाणी आधी चौपदरी स्वच्छ सुती फडक्याने गाळावे. गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्यावे. तुरटीने पाणी निवळते, जंतू मरत नाहीत, हे विसरू नये.

पिण्याचे पाणी खळखळून उकळी येऊन मिनिटभर उकळू द्यावे. वीस-वीस मिनिटे गॅस जाळण्याची गरज नाही. ज्या भांड्यात उकळले त्यातच झाकून थंड करावे.

गॅस परवडत नसेल तर ऊन फुकट आहे. पाण्याची पारदर्शक प्लॅस्टिक बाटली, दोन लिटरपेक्षा मोठी नको, वरचा कागद काढून स्वच्छ धुवावी. गाळलेले पाणी भरून ती पत्र्यावर आडवी ठेवावी. कडक ऊन असेल तर सहा तास, ढगाळ असेल तर दोन दिवस. पाणी नितळ हवे. बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी ठेवून वरून पाहावे. मथळ्याची अक्षरे वाचता आली तर पाणी या कामाला चालेल.

आशाताईंकडे किंवा दवाखान्यात क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर मिळते. त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घालावे आणि अर्धा तास थांबून मग पाणी प्यावे.

माठ दोन-तीन दिवसांनी आतून घासून धुवावा, उंचावर ठेवावा, झाकावा. पाण्यात हात किंवा पेला बुडवू नये. लांब दांड्याचे ओगराळे वापरावे, नाहीतर तोटीचा माठ घ्यावा. शुद्ध पाणी घाण हाताने पुन्हा अशुद्ध होते.

मुलाला जुलाब लागले तर पाणी तोडू नये. सरकारी दवाखान्यातले ओ.आर.एस.चे पाकीट आणावे. ते नसेल तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा घालून थोडे थोडे पाजावे. अंगावरचे दूध चालू ठेवावे. डॉक्टरांकडून झिंकच्या गोळ्या घ्याव्यात. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा शौचात रक्त दिसले तर तासाचाही उशीर न करता दवाखाना गाठावा.

डोळे पिवळे दिसले तर कावीळ उतरवणाऱ्याकडे, माळ घालणाऱ्याकडे पैसा आणि वेळ घालवू नये. डॉक्टरांना दाखवावे. गरोदर बाईला तर त्याच दिवशी दाखवावे.

विकतच्या जारने प्रश्न सुटेल?

आता गल्लोगल्ली थंड पाण्याचे जार येतात. लग्नकार्यात तर ते हमखास असतात. पण थंड म्हणजे शुद्ध नव्हे. ज्या जारवर सील नाही, अन्न परवान्याचा क्रमांक नाही, त्यातले पाणी कुणी तपासले हे कुणालाच ठाऊक नसते. शिवाय घरच्या किंवा दुकानाच्या फिल्टरमधून पाणी गेले की त्यातला क्लोरीनही निघून जातो. मग ते पाणी अस्वच्छ जारात भरले तर जंतूंना अडवणारे काही उरत नाही.

खर्चाचा हिशेबही करून पाहा. रोज २० रुपयांचा एक जार धरला तर महिन्याला ६०० रुपये आणि वर्षाला ७,२०० रुपये होतात. पाणीपट्टी भरून वर हा भुर्दंड. ज्याला परवडते तो जार घेतो आणि नळाची तक्रार करायचे सोडून देतो. मग नळावर फक्त गरीब उरतो आणि त्याचे ऐकायला कुणाला सवड नसते. म्हणून जार घेणाऱ्यानेही नळाची लढाई सोडू नये.

मागायचे ते हक्काने

महाराष्ट्रात नगरपालिकांचा १९६५ चा कायदा आहे. गावाला पाणी पुरवणे हे त्याने नगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे. निधी नाही हे नेहमीचे उत्तर. त्यावर रतलामचे उदाहरण सांगावे. मध्य प्रदेशातील या शहरात एका वॉर्डातले रहिवासी उघडी गटारे आणि घाणीला कंटाळून दंडाधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी नगरपालिकेला आदेश दिला. नगरपालिका पैसे नाहीत म्हणत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की पैसे नाहीत असे सांगून नगरपालिकेला लोकांच्या आरोग्याची जबाबदारी टाळता येणार नाही. ही लढाई साध्या वॉर्डातल्या साध्या माणसांनी जिंकली. गटार आणि पाण्याचा पाइप एकत्र गेलेल्या प्रत्येक वस्तीला हा निकाल माहीत असायला हवा. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी हा संविधानाच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले.

माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. दहा रुपयांचे शुल्क, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही नाही. साध्या कागदावर चार गोष्टी मागाव्यात: आमच्या प्रभागातून गेल्या सहा महिन्यांत पाण्याचे किती नमुने, कोणत्या नळावरून घेतले, त्यांच्या अहवालाच्या प्रती, रोजच्या क्लोरीन तपासणीच्या वहीच्या प्रती, आणि गळतीच्या तक्रारी व दुरुस्तीची नोंद. तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. सगळे नमुने टाकीपाशी किंवा नगरपालिकेच्या आवारातच घेतलेले दिसले तर तेवढ्यावरूनच अर्ज करता येतो की आमच्या शेवटच्या नळाचा नमुना का नाही?

हे एकट्यादुकट्याने होणार नाही. महिला मंडळाने पुढाकार घ्यावा, कारण पाणी भरते ती बाईच आणि आजाऱ्याची उस्तवार करते तीही बाईच. रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास पाण्यासाठी काढावा. दोन शिकलेल्या मुली आणि दोन तरुण निवडावेत. वस्तीतला शेवटचा नळ कोणता ते ठरवावे. पाइप कुठे कुठे गटारातून गेला आहे ते चालत जाऊन पाहावे आणि कागदावर खुणा कराव्यात. टिल्लू पंप लावणाऱ्या घरी भांडायला नव्हे, समजवायला जावे. मग नगरपालिकेला लेखी पत्र द्यावे की आठवड्यातून एकदा तुमचा माणूस क्लोरोस्कोप घेऊन या नळावर येऊ दे आणि तपासणी आमच्यासमोर होऊ दे. पत्राची पोच घ्यायला विसरू नये.

मंडळानेही एक वही घालावी. त्यात प्रत्येक वेळी तारीख, वेळ, नळ, आकडा आणि पाहणाऱ्या दोघांच्या सह्या एवढेच लिहावे. आकडा ०.२ च्या खाली आला की त्याच दिवशी अर्ज जावा आणि वस्तीत घरोघर उकळून पिण्याचा निरोप जावा. तीन महिन्यांची अशी वही घेऊन वस्तीची माणसे मुख्याधिकाऱ्यांसमोर उभी राहिली, तर 'पाणी शुद्ध आहे' असे तोंडी सांगून कुणाला त्यांना परत पाठवता येणार नाही. येत्या रविवारीच ही वही आणा आणि पहिली ओळ लिहा.